चारित्र्याचा दाखला आणि आपली मुले

भोर आणि वेल्हे तालुक्यांतली आपली मुले पोटासाठी पुण्याला जातात, यात नवीन काही नाही. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव एवढी धरणे आपल्या डोंगरात झाली. पाणी खालच्या बागायतीला आणि शहराला गेले, आणि पाण्यामागोमाग माणसेही गेली. पावसाळ्यात भाताचे एक पीक निघते, तेही ज्याच्याकडे खाचर आहे त्याला. आपल्या वस्तीत खाचर असलेली घरे किती, हे वाचकांना सांगायला नको.

पुण्याच्या आसपास सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या मोठमोठ्या आस्थापना आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये असे कारखाने सरकारी खात्यातून काढून सरकारी कंपन्यांकडे दिले गेले आणि त्यातल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि पाणी व विद्युत संशोधन केंद्र आहे, पाषाण आणि दिघीला संरक्षण संशोधनाच्या संस्था आहेत. पूर्वी अशा ठिकाणी आपला एखादा माणूस कायम नोकरीला लागला की त्याच्या मागे अख्खे घर उभे राहायचे. आज साफसफाई, बागकाम, कँटीन, वायरमन, हेल्पर ही कामे बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत चालतात. तरीही मुलांना या ठेक्यावरच्या कामाची ओढ असते. केंद्राच्या दराने किमान वेतन, पी.एफ., ई.एस.आय. आणि आठवड्याची सुट्टी हे महामार्गावरच्या हॉटेलात भांडी घासून मिळत नाही.

परंतु या कामाच्या आणि आपल्या मुलाच्या मध्ये एक कागद उभा असतो. त्याचे नाव पोलीस पडताळणी, आपल्या भाषेत चारित्र्याचा दाखला. हा कागद ‘क्लिअर’ आला तर गेटपास मिळतो, नाही आला तर ठेकेदार दुसरा माणूस आणतो. या कागदापायी आपल्या किती घरांची चूल अडते हे मी गेली काही वर्षे जवळून पाहतो आहे, म्हणून हा लेख.

मी स्वतः एका कार्यालयात कारकून आहे. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, नोकरीला लागलो. कागदाशी रोजचा संबंध असल्यामुळे संध्याकाळी आणि रविवारी विहारात लोक माझ्याकडे अर्ज भरायला येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, जातीचा दाखला घेऊन येतात. माझ्या नोकरीच्या वेळीही अशी पडताळणी झाली होती. हवालदार घरी आले, आईने चहा दिला, त्यांनी शेजारच्या दोघांना माझ्याबद्दल विचारले, सही घेतली आणि गेले. चौकशी म्हणजे काहीतरी भयंकर असते असे मला तेव्हा वाटले नाही. ठेक्यावरच्या मुलांचे अनुभव ऐकू लागलो तेव्हा कळले की कायम नोकरीतल्या माणसाची चौकशी आणि ठेकेदाराच्या माणसाची चौकशी यांत फार अंतर आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. चौकशीच नको, असे माझे म्हणणे नाही. जिथे दारूगोळा तयार होतो, जिथे देशाच्या संरक्षणाचे संशोधन चालते, तिथे आत कोण येतो हे पाहिलेच पाहिजे. आत काम करणाऱ्या आपल्याच माणसांच्या जिवाचाही तो प्रश्न आहे. प्रश्न आहे तो ही चौकशी काय पाहते, आणि नापास झालेल्याला विचारायला दार आहे की नाही, हा.

माझ्या पाहण्यात मुले नापास होतात ती तीन कारणांनी. त्यातले पहिले कारण ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. ते कारण म्हणजे घराला असलेले कुलूप.

पानशेतच्या मागच्या अंगाच्या एका गावातले कुटुंब. आईबाप आणि दोन्ही मुले पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतात. भाडेकरार नाही, कारण घरमालक करून देत नाही. म्हणून अर्जात कायमचा पत्ता गावाचा लिहिला. पडताळणी गावाच्या पोलीस ठाण्याकडे गेली. बीटचे अंमलदार गावात गेले तेव्हा घराला कुलूप होते. पोलीस पाटलांना विचारले, ते म्हणाले, “ही मंडळी इथं नसतात.” अहवाल गेला की सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. यात अंमलदारांनी खोटे काहीच लिहिले नाही. पोलीस पाटीलही खरेच बोलले. परंतु तिकडे आस्थापनेच्या सुरक्षा कार्यालयात या वाक्याचा अर्थ निघाला की माणूस संशयास्पद आहे. मुलाने आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. पोटासाठी गाव सोडले, एवढेच त्याचे कृत्य.

याच जातीचा दुसरा घोटाळा नावाचा. आपल्या वस्त्यांत एकाच नावाची, एकाच आडनावाची तीन-तीन माणसे असतात. आता पोलिसांच्या नोंदी सीसीटीएनएस या संगणकाच्या जाळ्यात आहेत. नाव टाकले की समोर येते. पण समोर आलेला माणूस तोच की त्याच नावाचा दुसरा, हे वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहिल्याशिवाय कसे कळणार? शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, रेशनकार्डावर घरातले लाडके नाव, असे असेल तर ताडून पाहणाऱ्याचाही नाइलाज होतो.

दुसरे कारण जास्त जिव्हारी लागणारे आहे. ते म्हणजे आंदोलनातल्या केसेस.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जे घडले आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, तो काळ सर्वांच्या लक्षात आहे. त्या वेळी शेकडो गुन्हे नोंदले गेले. २०२० च्या फेब्रुवारीत त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधिमंडळात सांगितले की या प्रकरणातील ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले आहेत. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातील ५४८ पैकी ४६० गुन्हे मागे घेतल्याचेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही. भोर-वेल्ह्यातल्या मराठा शेतकऱ्याच्या मुलाचाही आहे.

भोरकडचा एक मुलगा त्या बंदच्या दिवशी पुण्यात होता. वय एकोणीस, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता. मित्रांबरोबर रस्त्यावर उतरला, घोषणा दिल्या, ताब्यात घेतले गेले, गुन्ह्यात नाव आले. दगड मारला नाही, काच फोडली नाही. पुढे शासनाच्या निर्णयाप्रमाणे तो खटला न्यायालयाच्या परवानगीने मागे घेतला गेला. मुलाला वाटले, विषय संपला. २०२२ मध्ये एका केंद्रीय आस्थापनेत ठेकेदारामार्फत वायरमनचे काम मिळाले. फॉर्ममध्ये प्रश्न होता, आपणास कधी अटक झाली आहे काय, आपणावर कधी खटला भरला गेला आहे काय? त्याने खरे ते लिहिले. तात्पुरत्या पासवर दीड महिना काम केले. नंतर एका संध्याकाळी मुकादम म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस. तुझं व्हेरिफिकेशन फेल आलंय.”

पत्र दिले नाही. कोणत्या कारणाने फेल, हे सांगितले नाही. आस्थापनेत विचारायला गेला तर, “तू आमचा कामगार नाहीस, ठेकेदाराला विचार.” ठेकेदाराकडे गेला तर, “पास देणं आमच्या हातात नाही, आत विचार.” असे दोन्हीकडून हात वर झाले.

त्याची आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते. ती माझ्याकडे आली. म्हणाली, “दादा, माझ्या पोरानं चोरी केली का? कुणाच्या लेकीबाळीची छेड काढली का? मग चारित्र्य खराब म्हणजे काय हो?” घरात मुलीचे लग्न ठरलेले होते. भावाच्या पगारावर बचत गटातून कर्ज उचलायचे ठरले होते, ते राहिले. लग्नाची तारीख पुढे गेली. मुलाकडच्या मंडळींच्या कानावर ‘पोलीस केस’ एवढाच शब्द गेला होता. त्यांना समजवायला मी आणि आमच्या शाखेचे दोघे जण गेलो. लग्न टिकले, पण त्या माउलीने ते आठ दिवस कसे काढले हे मी पाहिले आहे. ‘चारित्र्य’ हा शब्द सरकारी फॉर्ममध्ये एक रकाना असतो. वस्तीत आणि सोयऱ्यांमध्ये त्याचा अर्थ फार मोठा होतो.

आम्ही न्यायालयात नकलेचा अर्ज केला. खटला मागे घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल मिळवली. ती पोलीस ठाण्यात देऊन नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज दिला, त्याची पोच घेतली. फेऱ्या मारल्या. पुन्हा पडताळणी होऊन अहवाल स्वच्छ आला, तोपर्यंत सात महिने उलटले होते आणि त्या ठेकेदाराच्या कामाची मुदत संपली होती. नवा ठेकेदार स्वतःची माणसे घेऊन आला. मुलगा निर्दोष ठरला, पण काम गेले ते गेलेच. आज तो एका खासगी कंपनीत आहे, पगार कमी आहे.

अशाच प्रकारातली आणखी एक गोष्ट म्हणजे चॅप्टर केस. जयंतीच्या, निवडणुकीच्या किंवा मोर्चाच्या आधी कार्यकर्त्यांना नोटिसा येतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १०७, १४९, १५१ आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होती. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि तीच कलमे आता १२६, १६८ आणि १७० झाली. ही प्रतिबंधक कारवाई आहे. शांतता भंग होऊ नये म्हणून आधी घेतलेली काळजी. यात कुणी गुन्हा केला असे सिद्ध होत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. परंतु पडताळणीच्या कागदावर ‘प्रतिबंधक कारवाई’ एवढे दोन शब्द आले की कागद बघणारा पुढचे वाचत नाही.

तिसरे कारण मुलांच्या स्वतःच्या हातचे असते. ते म्हणजे लपवणे. भांडणाची एखादी किरकोळ केस असते, तडजोड झालेली असते. कुणीतरी सांगते, “लिहू नकोस, कोण बघतंय?” मुलगा ‘नाही’ लिहितो आणि संगणकात सापडतो. मग मूळची केस बाजूला राहते आणि खोटी माहिती दिली हाच दोष चिकटतो.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालय काय म्हणते ते आपण समजून घेतले पाहिजे. २०११ मध्ये दिल्ली पोलीस दलात निवड झालेल्या एका तरुणाचे प्रकरण न्यायालयापुढे आले. त्याने अर्जात जुनी मारामारीची केस लिहिली नव्हती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी तरुणाच्या बाजूने निकाल दिला. तरुण वयात हातून आगळीक होते, ती जन्मभर छापासारखी कपाळावर ठेवू नये, असा त्या निकालाचा आशय. निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या ज्याँ व्हाल्ज्याँचा उल्लेख आहे. भाकरी चोरली म्हणून ज्याला आयुष्यभर चोर म्हटले गेले, तो हा माणूस.

त्यानंतर २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्व बाबींचा एकत्र विचार केला. उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. परंतु केस क्षुल्लक असेल तर लपवल्याचा दोषही मालकाला माफ करता येतो, असेही सांगितले. आणि क्षुल्लक म्हणजे काय, याचे उदाहरण देताना न्यायालयाने तरुण वयात घोषणा देण्याचा उल्लेख केला आहे. फॉर्ममध्ये जे स्पष्टपणे विचारलेलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही, हेही त्या निकालात आहे. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खरे लिहिले तरी उमेदवाराची पार्श्वभूमी पाहण्याचा मालकाचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला आहे. आणि २०२१ मध्ये राजस्थानच्या सरकारी वीज पारेषण कंपनीतल्या एका तांत्रिक मदतनीसाने झालेली शिक्षा लपवली होती, तेव्हा त्याला काढून टाकणे न्यायालयाने योग्य ठरवले. किरकोळ मारहाणीची केस होती, न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीवर सोडलेही होते, तरी लपवणे नडले.

वाचकहो, आता या निकालांत आपली ठेक्यावरची मुले कुठे बसतात ते पाहा. हे सगळे दिल्ली पोलीस, रेल्वे, वीज कंपनी यांनी स्वतः निवडलेले उमेदवार. त्यांना निवडीचे पत्र असते, काढल्याचे पत्र असते. ते पत्र घेऊन वकिलाकडे जाता येते. ठेकेदाराच्या माणसाला निवडीचेही पत्र नसते आणि काढल्याचेही नसते. त्याच्या हाती फक्त गेटपास, आणि तोही परत घेतलेला. सर्वोच्च न्यायालयाने घोषणा देणाऱ्या मुलाचा एवढा विचार केला, पण तो विचार गेटवरच्या खिडकीपर्यंत पोचतच नाही. ज्याचे काम सर्वांत कच्चे, त्याला दाद मागायला सर्वांत कमी जागा.

याचा परिणाम आपल्या समाजावर कसा होतो ते सांगतो. भोरकडचाच एक डिप्लोमा झालेला तरुण. नोकरी मिळाली नाही म्हणून खचला नाही, ठेकेदारीत उतरला. बँकेकडून कर्ज काढून अनामत भरली आणि एका सार्वजनिक आस्थापनेचे साफसफाई व बागकामाचे काम घेतले. आम्हाला केवढा अभिमान! त्याने चौदा माणसे आपल्याच वस्त्यांतली घेतली. त्यातल्या चौघांची पडताळणी अडकली. दोघांच्या घरी कुलूप, एकाची आंदोलनाची केस, एकाच्या नावाचा घोटाळा. माणसे कमी पडली म्हणून दर महिन्याच्या बिलातून दंड कापला गेला. सहा महिन्यांनी तो माझ्या घरी आला. जयभीम झाला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “दादा, राग मानू नका. पुढच्या कामाला आपल्या वस्तीतली पोरं घेणार नाही. बाहेरची घेतो. त्यांचे कागद सरळ येतात.”

मी म्हणालो, “अरे, तूच असं म्हणालास तर त्यांनी जायचं कुठं?”

तो म्हणाला, “तुमचा पगार एक तारखेला होतो, दादा. माझं बिल अडकलं की बायकोचे दागिने बँकेत जातात.”

मला त्याचा राग आला नाही. तो खोटे बोलत नव्हता. पण त्या रात्री मला झोप आली नाही. जी चौकशी देशाच्या सुरक्षेसाठी सुरू झाली, ती आपल्याच माणसाला आपल्या माणसाकडे संशयाने पाहायला लावते. बाहेरच्या ठेकेदाराने आपल्या वस्तीचे नाव ऐकून तोंड फिरवले तर आपण मोर्चा काढू. आपल्याच मुलाने कर्जापायी तोंड फिरवले तर मोर्चा कुणावर काढायचा?

विश्वासाची परीक्षा आपल्या समाजाला नवी नाही. गावगाड्यात महार वतनदार गावाची राखण करायचा, सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा कचेरीत पोचवायचा, शिवेच्या भांडणात त्याची साक्ष मोलाची मानली जायची. सरकारचा खजिना सोपवताना त्याचा भरवसा होता, बसायला मात्र जागा उकिरड्याजवळ होती. इंग्रजांच्या फौजेत आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. १८९२-९३ च्या सुमारास त्याच फौजेचे दार जातीच्या नावाने बंद झाले. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून फौज आणि पोलीस या दोन्हींत प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते दार पक्के उघडले. पारध्यांसारख्या जमातींना तर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडले. आजची पडताळणी जात विचारत नाही, हे मान्य. पण ज्याचे घर कच्चे, ज्याचा पत्ता कच्चा, ज्याला रस्त्यावर उतरल्याशिवाय आपले म्हणणे मांडता येत नाही, त्याचाच कागद अडकतो. आणि ही माणसे कोण, हे वस्तीत फिरले की दिसते.

शिवाय स्वच्छ कागद म्हणजे सुरक्षा, असेही नाही. २०२३ च्या मे महिन्यात दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या संचालकपदावरील शास्त्रज्ञाला पाकिस्तानी हस्तकांच्या संपर्काच्या आरोपावरून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. तो दोषी की निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आपण काही बोलू नये. मात्र एवढे तर दिसतेच की सर्व चाळण्यांतून गेलेल्या मोठ्या अधिकाऱ्यावरही असा आरोप होऊ शकतो. मग झाडू मारणाऱ्याच्या घराचे कुलूप पाहून कोणती सुरक्षा साधते?

इतर देशांनी यावर काही उपाय केले आहेत. अमेरिकेत तुरुंग भोगून आलेल्या लोकांनी, ज्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे, नोकरीच्या अर्जातला गुन्ह्याचा चौकोन काढा म्हणून चळवळ केली. तिथे २०१९ मध्ये कायदा झाला आणि २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाला. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि केंद्राची कामे घेणाऱ्या ठेकेदारांनी आधी माणसाची लायकी पाहून काम देऊ करायचे आणि मगच गुन्ह्याची विचारणा करायची. देशाच्या सुरक्षेच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. ठेकेदाराच्या माणसालाही त्या कायद्यात जागा आहे, हे महत्त्वाचे. आपल्याकडेही अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडले असेल तर त्याचा कलंक पुढे नोकरीत आड येऊ नये, अशी तरतूद बाल न्याय कायद्यात आहे. फक्त फारच गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढासारखा खटला चालला तर गोष्ट वेगळी. हे आपल्या आयाबहिणींना माहीत असले पाहिजे.

आता आपण काय करायचे? माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पत्ता. मुलगा जिथे राहतो तिथला पत्ताही अर्जात लिहा. गावाचे घर बंद असेल तर गावातल्या एखाद्या नातलगाकडे मुलाचा फोन नंबर ठेवा आणि पडताळणी येणार आहे हे पोलीस पाटलांना आधी जाऊन सांगा. यात लाज कसली? ते आपल्याही गावाचे पोलीस पाटील आहेत.

दुसरी, नाव. शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँक या सर्वांवर एकच नाव, एकच जन्मतारीख करून घ्या. मुलगा दहावीत असतानाच हे काम करा, पंचविसाव्या वर्षी धावपळ नको.

तिसरी, केस. खटला सुटला, मागे घेतला गेला किंवा तडजोड झाली, की वकिलाच्या तोंडी सांगण्यावर थांबू नका. शासनाने मागे घेण्याचा निर्णय घेतला एवढ्याने केस संपत नाही, त्याला न्यायालयाचा आदेश लागतो. त्या आदेशाच्या दोन प्रमाणित नकला काढा. एक जपून ठेवा, एक पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन पोच घ्या. मंडळांनी आणि शाखांनी आपल्या भागातील अशा मुलांची यादी करून हे काम एकत्र हाती घेतले तर खर्चही कमी लागेल. मुलाने आंदोलन समाजासाठी केले, तर त्याची नक्कल काढणे हे समाजाचे काम आहे.

चौथी, फॉर्म. प्रश्न नीट वाचा. जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर लिहा. केस असेल तर लिहा, आणि पुढे तिचा निकालही लिहा, नक्कल जोडा. कुणी ‘नाही’ लिहायला सांगितले तर ऐकू नका.

पाचवी, नकार. काम नाकारले तर ठेकेदाराकडे आणि आस्थापनेकडे लेखी कारण मागा. आपल्या पडताळणी अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. उत्तर मिळो न मिळो, अर्जाची पोच फायलीत राहते आणि पुढच्या वेळी उपयोगी पडते.

आणि आपल्या संघटनांनी, कामगार युनियननी एक मागणी लावून धरली पाहिजे. ठेक्यावरच्या माणसाची पडताळणी नापास झाली तर त्याला लेखी कारण मिळावे, पंधरा दिवसांत आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी आणि तोपर्यंत त्याची जागा भरू नये. आरोप आणि शिक्षा, प्रतिबंधक कारवाई आणि गुन्हा, यांत फरक केला जावा. ‘घराला कुलूप’ हा शेरा नापास म्हणून धरू नये. मागे घेतलेल्या खटल्यांची नोंद पोलिसांनी आपणहून दुरुस्त करावी. कागद अडकला म्हणून आपला माणूस घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या बिलातून दंड कापू नये. यात सवलत कुठे आहे? कायम उमेदवाराला न्यायालयाने जे दिले तेच गेटबाहेरच्या माणसाला मागतो आहोत.

त्या ठेकेदार तरुणाला मी एवढेच म्हणालो, पुढच्या कामाआधी दोन महिने तुझी यादी मला दे, कागद आम्ही बघतो. त्याने यादी दिली. अकरा नावे आहेत, सगळी आपल्या वस्त्यांतली. त्यातल्या सहा जणांच्या दाखल्यावरची नावे दुरुस्त झाली आहेत, दोघांच्या नकलांचे अर्ज न्यायालयात आहेत. ज्यांच्या घरात अशी अडचण असेल त्यांनी संकोच करू नये. आपल्या जवळच्या विहारात रविवारी एक शिकलेला माणूस आणि एक पेन असले तरी या कामाला सुरुवात होते.

जयभीम!